ड्यूटी रूममधला प्लास्टिकचा गळा: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅज्युअल्टीत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या डॉक्टरनंही क्रायकोथायरॉटॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत ट्यूब घालणं, एखाद-दोनदाच केलेलं असतं. कित्येकांनी एकदाही नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घशात बघून ट्यूब घालायचा कॅमेरावाला चमचा) आल्यापासून ती पाळी आणखीच क्वचित येते. पण आली की तोंडातून ट्यूब जात नाही, मास्कनं हवा जात नाही आणि हाताशी मोजकी मिनिटं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही नेटवर मोफत मिळणाऱ्या डिझाइनवरून स्वरयंत्राचं थ्रीडी प्रिंट करून घेतलं.

त्यातलं सगळ्यात बरं म्हणजे ते स्किल लॅबच्या कुलपात गेलं नाही. चहाच्या थर्मासशेजारी पडलेलं असतं. रेसिडेंटांसमोर चाचपडायला सीनियर मंडळींना अवघड वाटतं. इथं दार लोटून घेतलं की दोन मिनिटांत उरकतं.

आमच्या पिढीचा हात सुईवर, म्हणजे छेदाऐवजी गळ्यात जाड सुई खुपसून हवा देण्यावर, बसलेला. श्वासमार्गाच्या गुंतागुंतींवरच्या ब्रिटनच्या 2011 च्या नॅप-4 पाहणीत सुईचे सुमारे 60 टक्के प्रयत्न फसलेले दिसले. अवघड श्वासमार्गाबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या तिथल्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीनं 2015 मध्ये सरळ ब्लेड आणि बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी) सांगितली: दहा नंबरच्या ब्लेडनं कंठमण्याखालच्या पडद्याला आडवा छेद, धार पायांकडे वळवायची, ब्लेडच्या कडेनं बूजी, बूजीवरून सहा नंबरची कफवाली ट्यूब. वाचायला सोपं आहे. मॉडेलवर बसलं की कळतं, धार वळवल्यावर ब्लेड दुसऱ्या हातात घ्यावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते छेदातून निसटतं. माझ्या मते सगळा सराव त्या एका अदलाबदलीचा आहे.

कातडी विकत घेऊ नका. स्पंजचा तुकडा आणि वर डायनाप्लास्टची चिकट पट्टी, एवढ्यावर भागतं. पडद्यासाठी चिकटपट्टी, ती मात्र दर वेळी नवी लावायची. जुन्या छेदातून ट्यूब घालण्यात काय मोठेपणा?

उणिवा आहेत. कंठमणी असा टोकदार की डोळे मिटूनही सापडावा. जाड मानेच्या बाईत तो हाताला लागत नाही आणि तिथंच खरी फजिती होते. त्यावर आम्ही जाड स्पंज लावून मधोमध आठ-दहा सेंटिमीटरचा उभा छेद घेतो आणि बोटानं पडदा शोधतो. रक्त नाही, म्हणून लाल रंगाची सलाइन स्पंजखाली सोडून पाहिली. चांगली जमली, पण टेबल पुसायला कोणी तयार नाही. महिन्यातून एकदा खाटकाकडून बोकडाचं नरडं आणतो. कूर्चेची खरी चिवट जाणीव त्यातच येते.

अनपेक्षित फायदा असा की सराव खऱ्या ट्रेमधूनच करायचा ठरल्यावर ट्रे उघडला, तर आत अकरा नंबरचं ब्लेड आणि साडेसातची ट्यूब. आता दहाचं ब्लेड, बूजी आणि सहाची ट्यूब या तिन्ही वस्तू एकाच पाकिटात, भिंतीवर टांगलेल्या.

‘आता कापायचं’ हे ठरवायला मॉडेल शिकवत नाही. त्यासाठी सिस्टरना सॅच्युरेशनचे (रक्तातल्या ऑक्सिजनचे) उतरते आकडे मोठ्यानं म्हणायला सांगतो आणि ब्लेड उचलण्याआधी ‘इंट्यूबेशन फेल, क्राइक करतोय’ (तोंडातून ट्यूब जात नाही, क्रायकोथायरॉटॉमी करतोय) हे तोंडानं म्हणायला लावतो. हृदयाचे ठोके चालवणारी पेसिंग वायर घालणं किंवा छाती उघडणं अशा इतर क्वचित कामांसाठी याचा काही उपयोग नाही. त्यांची सोय वेगळी करावी लागेल.