डॉकर की पेनड्राइव्हवरचं फोल्डर: दीड जीबीच्या डेटात काय परवडतं?

आपला कोड दुसऱ्याच्या मशीनवर चालावा आणि निकालाचा आकडाही तोच यावा, यासाठी माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक, सगळं डॉकरच्या इमेजमध्ये, म्हणजे कोडला लागणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरच्या तयार डब्यात, बंद करून द्यायचं. दुसरा, पायथनच्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या आणि हॅश (फाइल तीच आहे हे पटवणारा ठसा) लिहिलेली लॉक फाइल, आणि तिच्यातल्या प्रत्येक पॅकेजची व्हील, म्हणजे थेट इन्स्टॉल होणारी तयार फाइल, पेनड्राइव्हवरच्या एका फोल्डरात. निक्स (सगळं सॉफ्टवेअर जसंच्या तसं पुन्हा उभं करणारा पॅकेज मॅनेजर) मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. तत्त्वाने निक्सवालेच सर्वांत बरोबर असतील, पण आमच्या लॅबमध्ये ते शिकवायला येणार कोण?

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. माझं काम कपाशीच्या पानांच्या फोटोंवर: लाल्या, मावा, तुडतुडे ओळखणं. फोटो पोरांनीच आपापल्या वावरातून काढून आणलेले.

सुरुवात मी डॉकरनेच केली, आणि त्याला कारण होतं. फोटो हाताळणारं ओपनसीव्ही टाकलं की लॅबमधल्या एखाद्या मशीनवर हमखास ‘लिबजीएल सापडत नाही’ म्हणून रडायचं. पायथनच्या बाहेरची ही ग्राफिक्स लायब्ररी लॉक फाइलमध्ये कुठे लिहिणार? डॉकरमध्ये ती एका ओळीत येते. याबाबतीत डॉकर उजवं आहे, आजही. (हेडलेस, म्हणजे पडद्यावर खिडक्या न उघडणारं, ओपनसीव्ही वापरलं तर ही कटकट मुळात उरत नाही, पण ते कळेपर्यंत वर्ष गेलं.)

माझं बिनसलं ते डेटावरून. लॅबमध्ये वायफाय आहे, म्हणजे राउटरवर दिवा लागतो. खरं काम चालतं माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा दीड जीबी. इमेज बांधताना पिपची (पायथनची पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या साधनाची) पायरी मॉडेल शिकवणारं पायटॉर्च ओढते, सोबत ग्राफिक्स कार्डासाठीच्या एनव्हिडियाच्या लायब्रऱ्या. दोन जीबीच्या वर जातं. डॉकरच्या लेखी ती सगळी एकच पायरी. मध्ये तुटली की हाती काही राहत नाही, पुन्हा पहिल्यापासून. दिवसाच्या कोट्यात ती बसतच नाही. मग मी युक्ती काढली: रात्री साडेदहाला बिल्ड सुरू करायचा, बाराला नवा डेटा लागतो, म्हणजे एका पायरीला दोन दिवसांचा कोटा मिळतो. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा सव्वाबाराला लाइन गेली.

तरी मी निभावून नेलं असतं. पण इमेज एकदाची तयार झाल्यावर मी रिक्वायरमेंट्समध्ये, म्हणजे पॅकेजांच्या यादीच्या फाइलमध्ये, एक चिमूटभर पॅकेज वाढवलं, टीक्यूडीएम, ते काम किती झालं याची पट्टी दाखवणारं. फाइल बदलली म्हणून डॉकरने ती आख्खी पायरी पुन्हा काढली, पायटॉर्चसकट. पट्टी दाखवायला दोन जीबी! डॉकरच्या बिल्डकिटमध्ये कॅश माउंटची, म्हणजे उतरवलेलं पुढच्या बिल्डसाठी राखून ठेवायची, सोय आहे हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर कदाचित मी आज उलट बाजूने लिहिलं असतं, हे मान्य करतो.

व्हील्सच्या रस्त्यात हा जाच नाही. पूर्ण उतरलेली व्हील पिपच्या कॅशमध्ये राहते. आज दोन, उद्या तीन. सर्वांत जड असेल ती डब्ल्यूगेट या डाउनलोडरने उतरवायची, ते अर्ध्यावरूनही पुढे जातं. फोल्डर पूर्ण झालं की नेट लागतच नाही. पिपला ‘नो-इंडेक्स’ (नेटवर शोधू नको) सांगायचं आणि फोल्डर दाखवायचं. हॉस्टेलवर एका पोराने माझ्यासमोर चहा गार व्हायच्या आत इन्स्टॉल केलं.

डॉकरची इमेजही पेनड्राइव्हने देता येते की, असं कुणी म्हणेल. येते. मीही दिली, म्हणजे द्यायला गेलो. ‘डॉकर सेव्ह’ने एकच मोठी टार फाइल होते आणि आपल्याकडचे निम्मे पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले, चार जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाहीत. तुकडे करा, तिकडे जोडा, नाहीतर फॉरमॅट करा, आणि फॉरमॅट म्हटलं की ज्याचा पेनड्राइव्ह त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आडवे येतात.

व्हील्सचीही खोड आहे. लिनक्सची व्हील विंडोजवर चालत नाही, पायथन ३.१० ची ३.११ वर नाही. आमची जुनी लॅब विंडोजवर, त्यामुळे दोन फोल्डर सांभाळतो आणि पायथनचा इन्स्टॉलरही सोबत ठेवतो. पण त्याच मशीनवर चार जीबी रॅममध्ये डॉकर डेस्कटॉप चालवून पाहा, मग बोलू.

टिकाऊपणात डॉकर पुढे, असा समज आहे. इमेज जपली तर खरं आहे, पण बहुतेक लोक देतात नुसती डॉकरफाइल (इमेज कशी बांधायची ते लिहिलेली फाइल), आणि ती उद्या तीच इमेज बांधेल याची हमी नाही. डेबियन स्ट्रेच या जुन्या लिनक्सच्या रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचे साठे, २०२३ मध्ये अर्काइव्हला हलल्या आणि त्यावर बसलेल्या जुन्या डॉकरफाइली पहिल्याच एपीटीच्या (ती पॅकेजं उतरवणाऱ्या) ओळीला अडकायला लागल्या.

आणि आकड्याचं म्हणाल तर माझा आकडा दोघांनीही वाचवला नाही. नागपूरला गाईड सरांच्या लॅबमध्ये एका विद्यार्थ्याने तोच कोड चालवला आणि फोन केला: “सर, तुमचा आकडाच येऊन नाही राहिला.” सीड (रँडम आकड्यांची सुरुवात) तोच, आवृत्त्या त्याच. दोष होता फोल्डरातले फोटो ज्या क्रमाने वाचले जात होते त्यात. तो क्रम फाइल सिस्टिम ठरवते, आणि माझी ट्रेन-टेस्ट विभागणी (कोणते फोटो शिकवायला, कोणते तपासायला) त्याच्यावर उभी होती. फोटो बाहेरच्या फोल्डरातून जोडले होते, म्हणून डॉकरमध्येही तेच झालं. क्रम लावणारा ‘सॉर्टेड’ हा एक शब्द घातला आणि मिटलं. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना एका प्रचलित पायथन स्क्रिप्टमध्ये हीच चूक सापडली होती, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) बदललं तर शेवटचे दशांश हलू शकतात, हे पायटॉर्चवाले स्वतःच लिहून ठेवतात. त्यावर इमेजचा उपाय नाही.

तुमच्याकडे फायबर असेल आणि परीक्षकांना कंटेनरच (इमेजमधून चालणारा डबा) हवा असेल तर खुशाल डॉकर घ्या. मी आता आधी व्हील्सचं फोल्डर करतो. कुणी डॉकर मागितलंच तर डॉकरफाइल तेच फोल्डर आत कॉपी करून नेटशिवाय इन्स्टॉल करते. बेस इमेज एकदा उतरली की झालं. टीक्यूडीएम परवा पुन्हा बदललं, मोबाइलचा डेटा एक एमबीसुद्धा गेला नाही.