डायट कोला की आगळ घातलेला सोडा?

साखरेची थंड पेयं सोडायची हे ज्यांचं ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. साध्या कोलाच्या 300 मिलीच्या कॅनमध्ये तीसेक ग्रॅम साखर, म्हणजे सात-आठ चमचे, हे आता बहुतेकांना पाठ आहे. त्यावर वेळ घालवत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एप्रिलच्या दुपारी चार वाजता पणजीच्या घामट हवेत जीव नको होतो, घशाला काहीतरी गार आणि झणझणीत हवं असतं. तेव्हा डायट कोलाचा कॅन फोडायचा, की साध्या सोड्यात लिंबू नाहीतर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घालून प्यायचं?

मी दोन्ही करून पाहिलंय. आधी अकरा महिने डायट कोला, रोज एक, कधी दोन. त्यानंतर आता दीड वर्ष सोडा. त्यामुळे जे सांगतोय ते माझ्या एकट्याच्या अंगावरचं आहे. तुमचं वेगळं निघू शकेल.

आधी वजनाचं, कारण जो तो तेच विचारतो. डायट कोला सुरू केला तेव्हा माझं वजन 84 किलो होतं. पहिल्या चार महिन्यांत ते 80 वर आलं आणि तिथेच बसलं. माझा म्हापशाचा आतेभाऊ त्याच सुमारास डायट कोलावर आला, त्याचं नऊ किलो उतरलं आणि अजूनही उतरलेलंच आहे. तो आधी रोज दोन मोठ्या बाटल्या गोड कोला प्यायचा; मी आठवड्याला तीन-चार कॅन. त्याच्या पोटात जाणारी एवढी साखर एका झटक्यात बंद झाली, माझी त्या मानाने चिमूटभर. हिशेब सरळ आहे, आणि डायट पेयांच्या बाजूने बोलायचं तर हीच त्यांची खरी ताकद. साखरेच्या कोलाच्या जागी ती आली तर फायदा होतो. पाण्याच्या किंवा ताकाच्या जागी आली तर काय होतं, तिथे गोष्ट धूसर होते.

अभ्यासही दोन्हीकडे बोट दाखवतात. अमेरिकेत 303 जणांना वर्षभर वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात ठेवलं होतं. निम्म्यांना डायट पेयं, निम्म्यांना पाणी. 2016 साली छापून आलेल्या निकालात डायटवाल्यांचं सरासरी 6.21 किलो वजन कमी झालेलं होतं, पाणीवाल्यांचं 2.45. पैसा मात्र तिथल्या शीतपेय उत्पादकांच्या संघटनेचा होता, हे लक्षात ठेवलेलं बरं. त्याच्या आदल्याच वर्षी इराणमधल्या लठ्ठपणाशी झगडणाऱ्या बायकांवरचा अभ्यास आला होता. जेवणानंतर डायट पेय घेणाऱ्यांचं 24 आठवड्यांत 7.6 किलो उतरलं, त्याऐवजी पाणी पिणाऱ्यांचं 8.8. आणि 2023 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी डायट पेयांत असतात तसे, साखरेऐवजी गोडी आणणारे पदार्थ वापरू नका. त्यात झाडाच्या पानांतून काढलेलं स्टीव्हियासुद्धा आलं. सल्ला सशर्त आहे आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही. मधुमेह असेल तर माझं ऐकू नका, तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

कॅन्सरची भीती घालणारे फॉरवर्ड तुमच्याकडेही आले असतील. 2023 च्या जुलैमध्ये डायट पेयांत गोडीसाठी घालतात त्या अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातलं गेलं, पण दिवसाची चालणारी मर्यादा शरीराच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम हीच राहिली. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील. मी त्या भीतीने डायट सोडलेलं नाही, आणि तुम्हीही केवळ त्यासाठी सोडू नये असं मला वाटतं.

मी सोडलं ते एका आंब्यामुळे.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, शनिवार. डिचोलीची मावशी दुपारी आली, हातात कापडी पिशवी, पिशवीत भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेले बारा मानकुराद आंबे. तिच्या परसातल्या झाडाचे. बाजारात हंगामाच्या तोंडाला मानकुरादाचा डझन हजारांत जातो हे गोव्यात कुणाला सांगायला नको, पण ही किंमत पैशाची नव्हतीच. ती दरवर्षी पहिली फळं आमच्याकडे आणते. मी नुकताच पणजीहून फोंड्याला बसने आलो होतो आणि दारातच कॅन रिकामा केला होता. मावशीने तिथल्या तिथे एक आंबा धुतला, गाल कापून माझ्या हातात दिला. मी चावलो. वास तोच होता, नाकात भरणारा. पण जिभेवर आंबट, पाणचट काहीतरी आलं. दुधी भोपळ्याला आंब्याचा वास लावावा तसं.

‘कसा आहे रे?’ तिने विचारलं.

‘बरा आहे,’ मी म्हटलं.

तिला कळलं. लहानपणापासून माझं तोंड बघत आलेली बाई ती. थोडा वेळ गप्प राहिली, मग स्वतःच म्हणाली, ‘यंदा मोहोराला पाऊस लागला ना, म्हणून असेल.’ तिने दोष आपल्या झाडाला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, मी त्याच पिशवीतला एक आंबा कापला. मध होता नुसता. झाडाचं काही बिघडलेलं नव्हतं. मी तसाच फोन उचलून मावशीला सांगितलं की आंबे उत्तम आहेत, काल माझं तोंडच बिघडलं होतं.

आता यात नवीन काही नाही हे मलाही कळतं. लाडू खाऊन चहा प्यायलं की चहा फिका लागतो, हे घरातलं लहान पोरही सांगेल. पण साखरेच्या लाडवाचं आपल्याला भान असतं, डायटचं नसतं. डब्यावर शून्य लिहिलेलं असतं म्हणून आपण ते पाण्यासारखं पितो, आणि जीभ मात्र त्याला मिठाईच समजते. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या जवळजवळ दोनशे पट गोड असतं. रोज चार वाजता जिभेला ती गोडी भरवायची आणि पाच वाजता पपईची फोड खाताना म्हणायचं, पपईला चव नाही. माझं अकरा महिने हेच चाललं होतं. फळांचा डबा अर्धा खाऊन परत घरी यायचा. काकडी, गाजर, केळं, कशातच राम वाटायचा नाही. चहाला दोन चमचे साखर लागायची, एक चमचा घातला तर काढा. वजन 80 वर का अडकलं याचं उत्तर मला तरी तिथे सापडलं. कॅनमध्ये काही नव्हतं, पण कॅनमुळे ताटातलं साधं अन्न हरत होतं आणि फरसाण, बिस्किटं जिंकत होती. शिवाय मनात एक हिशेब चालायचा तो वेगळाच. कोला डायट घेतलाय ना, मग आज आणखी एक मिर्ची भजी चालेल. गाड्यावरची एक मिर्ची आणि एक बन, म्हणजे वाचवलेली सगळी साखर परत, वर तेल.

गोडी कमी केली की गोडाची ओढ कमी होतेच, असं प्रयोगांनी ठामपणे दाखवलेलं नाही; निकाल उलटसुलट आहेत. म्हणून हे मी माझ्या जिभेपुरतंच सांगतो. डायट कोला बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, बहुधा कॅफीन गेल्यामुळे, आणि चार वाजले की हात फ्रिजकडे जायचा. तिसऱ्या आठवड्यात घरच्यांनी चहात चुकून नेहमीएवढी साखर घातली आणि मला तो पिववेना. आज अर्ध्या चमच्यावर आहे. पपईचा डबा रिकामा होऊन येतो. वजन सहा महिन्यांत 76 वर आलं. त्यात संध्याकाळच्या चालण्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय सोड्याला देत नाही.

आता सोड्याच्या बाजूला काय काय खटकतं, तेही सांगायला हवं. गाड्यावर लिंबू सोडा मागितला की विचारतात, गोड, खारा की मिक्स. गोड म्हणालात तर साखरेचा पाक येतो आणि तुम्ही कोलाच्याच घरात परत. मिक्समध्येही तेच, अर्धं. खारा म्हणायची सवय लावावी लागते. कोकम सरबताच्या बाटलीचं तर विचारूच नका, रंग कोकमाचा असला तरी आत मुख्यतः साखरच असते. कोकम म्हणजे आरोग्याचं म्हणून ती बाटली रोज उघडणारे लोक मी पाहिलेत, आणि मला त्यांची काळजी वाटते. तीच गोष्ट कोकमाने चरबी वितळते म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची. आगळ मी चवीसाठी घेतो, वजन उतरवण्याचं औषध म्हणून नाही.

आगळाची खरी अडचण मीठ. भिरंडांचा, म्हणजे रातांब्यांचा रस टिकावा म्हणून त्यात भरपूर मीठ घालतात. रक्तदाब असणाऱ्यांनी आगळापेक्षा लिंबू पिळावं, किंवा सुकी सोलं तासभर पाण्यात भिजवून ते पाणी सोड्यात घालावं. रंग फिकट येतो पण आंबटपणा पुरेसा उतरतो. सोलांनाही मीठ लावलेलं असतंच, पण मानाने कमी.

दातांच्या बाबतीत दोघांचंही सारखंच. डायट कोला आम्लच, लिंबू आणि कोकमही आम्लच. दिवसभर घोटघोट पीत बसू नये, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. बुडबुड्यांनी पोट फुगतं तेही दोन्हीकडे. शिवाय आगळाचा डाग पांढऱ्या शर्टावरून जाता जात नाही. कॅनमधून सांडत नाही आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो. प्रवासात, लग्नात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये डायट कोला सोयीचा हे मान्यच करतो. आगळाची बाटली खिशात घालून फिरता येत नाही. खर्चात मात्र फरक पडतो. एका कॅनच्या पैशात सोड्याच्या मोठ्या बाटल्या दोन येतात, आणि आगळाची बाटली महिना-दीड महिना पुरते.

मी करतो ते असं. उंच ग्लासात दीड चमचा आगळ, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, मिरचीचं एक उभं चिरलेलं तुकडं. बर्फ. मग सोडा ग्लासाच्या कडेने, अगदी हळू, कारण आगळावर पडला की फसफसून वर येतो आणि ओटा लाल होतो. तळाशी गडद जांभळा, वर गुलाबी, ढवळेपर्यंत दोन थर राहतात. पहिल्या घोटाला जबडा आखडतो. मग जिरं येतं, शेवटी मिरची. एवढ्या चवींनंतर तोंडाला आणखी काही मागावंसं वाटत नाही, निदान मला तरी. डायट कोला संपला की मला नेहमी काहीतरी खारट चघळावंसं वाटायचं. इथे खारट आधीच आलेलं असतं.

तर निवड कुणी कशी करावी? रोज दोन-तीन गोड कोला पीत असाल आणि ते एकदम तुटत नसतील, तर डायटवर या, लाज बाळगू नका. माझ्या आतेभावाला त्यानेच वाचवलं, आणि मी त्याला ते सोड म्हणून कधी सांगितलेलं नाही. तो रविवारी येतो तेव्हा फ्रिजच्या दारात त्याच्यासाठी दोन कॅन असतात. घरात लहान मुलं असतील तर ते त्यांच्या हाती लागणार नाहीत एवढं बघा. मुलांसाठी नाही असं डब्यावर छापलेलंच असतं. पण गोड कोला तुमचा आधीच सुटलेला असेल, किंवा माझ्यासारखा आठवड्याला तीन-चारच असेल, तर डायटचा मधला मुक्काम घ्यावा असं मला वाटत नाही. थेट खाऱ्यावर या. तीन आठवडे काढा, आणि जमलं तर ते मार्चमध्ये काढा, म्हणजे आंबे येईपर्यंत जीभ ताळ्यावर आलेली असेल.

आगळ घ्यायला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बरा. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला गावाकडच्या बायका घरचं आगळ जुन्या काचेच्या बाटल्यांत भरून आणतात. बाटली उजेडात धरून बघा, काळपट लाल आणि जरा दाट दिसलं पाहिजे. आणि मीठ किती घातलंय ते विचारून घ्या, त्या सांगतात.