चाकाची खुर्ची की ट्रेडमिल?

मज्जारज्जूला इजा झालेल्या मुलासमोर पुनर्वसनाच्या दोन वाटा असतात. जुनी वाट सांगते, गेलेली ताकद गृहीत धरा आणि उरलेल्यावर काम चालवा: चाकाची खुर्ची, पायाला ब्रेसेस, हातांचा व्यायाम. नवी वाट म्हणते, इजेच्या खालच्या मज्जारज्जूलाच पुन्हा शिकवा. मुलाला पट्ट्यांनी ट्रेडमिलवर अर्धवट तोलून धरतात, एकेक थेरपिस्ट एकेक पाय धरून पावलं टाकून घेतो. रोज, आठवडेच्या आठवडे.

२००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक नोंद मला विसरता येत नाही. साडेचार वर्षांचा मुलगा, मानेत इजा, वर्षाहून अधिक काळ चालणं बंद. अशा ७६ सत्रांत तो मागे ओढायच्या वॉकरवर चालू लागला. गंमत म्हणजे सांगितल्यावर पाय हलवण्याची त्याची ताकद जवळपास तेवढीच राहिली! पण हे एकच मूल, आणि इजा अपूर्ण होती, म्हणजे इजेच्या खाली थोडी जाणीव किंवा हालचाल उरली होती. पूर्ण इजेत अशी आशा दाखवणं मला पटत नाही.

खुर्ची लगेच हातात येते, मूल शाळेत जातं. ट्रेडमिलला माणसं, वेळ, पैसा लागतो. मात्र मोठ्यांपेक्षा मुलांचा प्रश्न वेगळा: वाढ बाकी असते. वयात येण्याआधी इजा झाली, तर बहुतेकांचा कणा पुढे वाकडा होतो, खुब्याचा सांधाही निसटू शकतो. त्यामुळे वाट कोणतीही धरा, पाठीचे एक्स-रे चुकवायचे नाहीत.

माझा कौल? खुर्ची आजच घ्या, इजा अपूर्ण असेल तर ट्रेडमिलही सुरू करा.