मॉन्ट्रियलच्या अणुप्रयोगशाळेची पायी सफर, आईबरोबर

गेल्या मे महिन्यात आई मुंबईहून आमच्याकडे आली होती. तिला घेऊन मॉन्ट्रियलला गेलो आणि तिथल्या एका गाईड बाईंची पायी सफर केली. विषय होता दुसऱ्या महायुद्धातली तिथली अणुप्रयोगशाळा. तीन तास, माणशी ४० डॉलर, आम्ही सातजण. पैसे वसूल झाले, पण एक तक्रार आहे.

सुरुवात सिम्पसन स्ट्रीटवर. १९४२ च्या अखेरीस ब्रिटनमधून आलेल्या शास्त्रज्ञांनी इथल्या एका जुन्या घरात बस्तान मांडलं. प्रमुख हान्स फॉन हाल्बान. १९४० साली फ्रान्स पडत होता, तेव्हा हाल्बान आणि त्यांचे सहकारी कोवार्स्की यांनी सुमारे १८५ किलो जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं, अणुभट्टीत लागणारं पाणी) डब्यांतून बोटीने इंग्लंडला नेलं होतं. हे सांगता सांगता बाईंनी थर्मासमधून बर्फाचा एक खडा काढला आणि ग्लासभर साध्या पाण्यात सोडला. खडा तरंगला नाही, सरळ तळाशी जाऊन बसला. जड पाण्याचा बर्फ! आईने चष्मा पुसून ग्लास दोनदा उजेडात धरला. जड पाण्याबद्दल इतकं वाचलंय, पण ते असं डोळ्यांसमोर पहिल्यांदाच आलं.

मग बसने डोंगराच्या पलीकडे, मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या उंच मनोऱ्यापाशी. १९४३ मध्ये प्रयोगशाळा इथे आली. अमेरिकेने अणुसंशोधनाची माहिती देणं बंद केल्यामुळे काम रखडलं होतं. ऑगस्टमध्ये क्वेबेकला चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्यात सहकार्याचा करार झाला, संयुक्त समितीवर कॅनडाचे मंत्री सी. डी. हाउ बसले. १९४४ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉकक्रॉफ्ट प्रमुख म्हणून आले आणि काम धावायला लागलं. हा भाग बाईंनी फार सुरेख सांगितला.

इथेच एनआरएक्स अणुभट्टीच्या आराखड्याचं काम झालं. ती पुढे १९४७ मध्ये ऑन्टारियोतल्या चॉक रिव्हरला सुरू झाली आणि तिच्याच धर्तीवर तुर्भ्याला कॅनडाच्या मदतीने सायरस ही भट्टी उभी राहिली, १९६० साली. माझे बाबा आयुष्यभर सायरसवर होते, माझं बालपण अणुशक्तीनगरात गेलं. मी हे सांगितल्यावर आई खिडक्यांकडे बघत म्हणाली, "म्हणजे ह्यांची भट्टी आधी इथे कागदावर होती?" "हो गं," म्हटलं. ती पायरीवर बसली ती बराच वेळ उठली नाही. बाई थांबल्या, कुणीही घाई केली नाही. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

आता तक्रार. 'कॅनडाने बॉम्ब केला नाही' हे बाईंचं वाक्य तीनदा आलं. प्रयोगशाळेपुरतं ते बरोबर आहे. तिच्या कामातून उभी राहिलेली पहिली भट्टी, झीप, ५ सप्टेंबर १९४५ ला चालू झाली, जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्यानंतर तीन दिवसांनी. पण युरेनियमचं काय? उत्तर कॅनडातली बंद पडलेली पोर्ट रेडियमची खाण १९४२ मध्ये त्यासाठीच पुन्हा उघडली. तिथल्या ग्रेट बेअर सरोवराकाठच्या डेने या आदिवासी लोकांनी खनिजाची पोती पाठीवरून वाहिली. ते खनिज आणि बेल्जियन काँगोतून आलेलं खनिज ऑन्टारियोत पोर्ट होपला शुद्ध होऊन अमेरिकेच्या बॉम्ब प्रकल्पाला गेलं. युद्धातला कॅनडाचा मोठा वाटा हाच. पोती वाहणाऱ्यांपैकी कित्येकजण पुढे कॅन्सरने गेल्याचं त्याच सरोवराकाठच्या देलिने गावचे लोक सांगतात. १९९८ मध्ये तिथले काहीजण हिरोशिमाला जाऊन तिथल्या पीडितांना भेटून आले. तीन तासांत डेने हा शब्द एकदाही आला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तो विषय या वाटेवर येत नाही." मला ते पटलं नाही, आणि तसं त्यांना सांगितलंही.

पाचपैकी साडेतीन तारे. मनोऱ्यापाशी चढ आहे, गुडघे दुखत असतील तर काठी न्या. आणि सिम्पसन स्ट्रीटवरच, सुरुवातीला, पोर्ट रेडियमबद्दल विचारा. सातातल्या चौघांनी विचारलं तर त्यांना उत्तर तयार ठेवावंच लागेल.