बीसीएम बदलून सात महिने झाले: गाडी बरी आहे, पण आतल्या दिव्यासाठी चार चकरा माराव्या लागल्या

मागच्या आठवड्यात सोनपेठच्या एका व्हॅनवाल्याचा फोन आलता. त्याच्या गाडीचे वायपर आपोआप चालू होतात, रात्री लॉक खटाखट वाजतात, आणि वर्कशॉपवाल्यानं बीसीएम गेलाय म्हणून सत्तावीस-अठ्ठावीस हजाराचं एस्टिमेट हातात दिलंय. त्याला फोनवर अर्धा तास जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण मी ह्यातून गेलो तेव्हा मला मराठीत सांगणारं कुणी भेटलं नाही. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्यूल, लॉक, लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न ह्या सगळ्यावर बसलेला तो डबा. माझ्या गाडीत चावी ओळखायचं काम पण त्याच्याकडंच आहे आणि पुढं सगळा घोळ त्यानंच झाला.

आमची गाडी आठ सीटची, डिझेल, एक लाख अडतीस हजार किलोमीटर झालेली. गंगाखेडहून परळी, औंढा, तुळजापूरची भाडी, लग्नसराई, आणि कुणाचा पेशंट आंबेजोगाईच्या मेडिकलला न्यायचा असला की रात्री-बेरात्री. 2025 ची आषाढी 6 जुलैला होती, पंढरपूर करून परत येताना बार्शीच्या पुढं जोराचा पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. कोरड्या उन्हात वायपर काचेवर घासत चाललेत, दांडी बंद असून. रात्री दोन वाजता चावी घरात खुंटीला आणि दारातल्या गाडीचे लॉक खटाक खटाक, इंडिकेटर लागायलेत. आई घाबरून उठली, कुणीतरी गाडी फोडायलंय म्हणून. आणि गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ घेईना.

इथं पहिली चूक माझी. बॅटरी उतरते म्हणजे बॅटरीच गेली असं धरून मी नवी टाकली. 7,100 ची, जुनीचे 1,500 वजा, म्हणजे 5,600 गेले. सहाव्या दिवशी नवी बॅटरी पण उतरली. ते 5,600 मला आजपण सलतात, कारण जुन्या बॅटरीत काहीच बिघाड नव्हता, फुल चार्ज करून ठेवली की सकाळी 12.6 व्होल्ट दाखवायची.

मग गावातल्या वायरिंगवाल्या चाचांकडं गेलो. त्यांची पद्धत बघून ठेवा, कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडून अशीच करून घ्या. दार उघडं ठेवून त्याच्या कुलपात स्क्रू ड्रायव्हर घालून खटका पाडला, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून मध्ये मीटर लावला आणि अर्धा तास चहा पीत बसले. मी म्हणलं लगेच बघा की, तर म्हणले, गाडी बंद केल्यावर आतले इलेक्ट्रॉनिक डबे झोपायला वेळ लागतो, त्याच्या आधीचं रीडिंग खोटं. अर्ध्या तासानं मीटरवर 0.38 अँपिअर. गाडी झोपल्यावर 0.05 च्या आत पाहिजे. 0.38 म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-तास, पाच दिवसांत पंचेचाळीस, आणि माझी बॅटरी 65 ची, मग सेल्फ कुठून घेणार? बीसीएमचा फ्यूज उपटला की आकडा खाली. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर यू 0140 कोड, म्हणजे बाकीच्या डब्यांना बीसीएमकडून उत्तर मिळंना. वायर तुटली का बघायला त्यांनी बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटच्या 6 आणि 14 नंबर पिनांमध्ये ओहम मोजले, 60 आले, म्हणजे डबे ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या दोन्ही तारा आणि दोन टोकांचे 120-120 चे रेझिस्टर ठीक. राहिला डबा. ड्रायव्हरच्या डाव्या पायापाशी पॅनल काढून डबा बाहेर घेतला तर कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. चाचा म्हणले, "बटण दाबलेलं ह्या डब्याला कळतं ते एकदम बारीक करंटवर. पिनांत ओल आली की तेवढा करंट ओलीतूनच जातो, डब्याला वाटतं कुणीतरी दाबलं. डबा बदला, पण आधी पाणी कुठून आलं ते शोधा." त्यातलं पहिलं अर्धंच मी ऐकलं.

नव्याची किंमत ऐकून आधी भंगारातून काढलेला घेतला, साडेचार हजाराला, नंबर तोच, रंग तोच. लावला तर लॉक, लाइट, हॉर्न सगळं चालू, मला वाटलं वाचले पैसे. सेल्फ मारला, इंजिन लागलं आणि दोन सेकंदात बंद. परत मारला, परत बंद. त्या डब्याला दुसऱ्याच गाडीची चावी आणि दुसऱ्याच गाडीचं इंजिन पाठ होतं. भंगारवाल्यानं तीन हजार परत दिले, दीड हजार बुडाले. ज्यांच्या गाडीत चावीचं काम वेगळ्या डब्याकडं आहे त्यांचं जुन्यावर भागत असेल, माझं भागलं नाही.

मग नांदेडचं वर्कशॉप. नाव लिहीत नाही, लिहून काय फायदा. नवा बीसीएम 18,400 अधिक 28 टक्के जीएसटी, मजुरी 1,800, कोडिंग (लॅपटॉपवरून डबा गाडीला जुळवायचं काम) 1,500 आणि त्यावर 18 टक्के, एकूण 27,446. पहिल्या दिवशी काम झालंच नाही, कारण सगळ्या चाव्या एकदमच नोंदवाव्या लागतात आणि दुसरी चावी गंगाखेडला कपाटात. हे फोनवर आधीच सांगायला नको होतं का? नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी 18 ऑगस्टला काम झालं आणि खरं सांगतो, त्या रात्री मी लई दिवसांनी शांत झोपलो. लॉक गप्प, वायपर गप्प, पहाटे सेल्फ एका झटक्यात. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून नवाच टाका म्हणलो असतो.

पण दिवा. आमच्या गाडीत दार लावल्यावर छतातला दिवा लगेच विझत नसे, वीसएक सेकंद राहायचा आणि मग हळूहळू मंद होत जायचा. नवा डबा टाकल्यापासून दार लागलं की फट्‌कन अंधार. वाचणाऱ्याला वाटेल एवढ्याशा दिव्याचं काय घेऊन बसला. पण माझ्या गाडीत बसणाऱ्या निम्म्या बाया साठीच्या पुढच्या. पुढची माणसं उतरून दार ओढतात आणि मागच्या आज्या अंधारात चपला, पिशव्या, काठी चाचपत बसतात. परळीहून परत येताना एका आजींचा पाय पायरीवरून सटकला, नशीब की माझा हात होता, नाहीतर हाड मोडलं असतं. तेव्हापासून हा दिवा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

वर्कशॉपला गेलो तर अ‍ॅडव्हायझर म्हणला, मालक, नव्या मोड्यूलमध्ये असंच येतं. दुसऱ्या वेळी म्हणला बल्ब बघून घ्या. तिसऱ्या वेळी, लाइट लागतोय ना, चालतंय की. गंगाखेड-नांदेड जाऊन-येऊन दिवस मोडतो, डिझेल वेगळं, भाडं बुडतं ते वेगळं. खरं कारण पुण्याला शिकणाऱ्या भाच्यानं काढलं. त्यानं विचारलं, मामा, आता गाडी वेग धरल्यावर लॉक आपोआप लागतात का? बघितलं तर ते पण लागत नव्हते. दोन्ही सोयी फक्त वरच्या मॉडेलला. म्हणजे डबा सगळ्या मॉडेलला एकच, पण ही गाडी कुठलं मॉडेल आहे ते आत कोडिंग करताना भरावं लागतं, आणि माझ्या गाडीत त्यांनी बेस मॉडेलचं भरलं होतं. जुन्या डब्यातलं सेटिंग काढायच्या आधी वाचून ठेवलं असतं तर हा प्रकारच झाला नसता. हे सगळं लिहून, बिलाचा आणि गाडीच्या कागदाचा फोटो लावून कंपनीला मेल केला, आठ दिवस उत्तर नाही, मग 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी वर्कशॉपचाच फोन, या म्हणून. दिवाळीनंतर गेलो. बॅटरीला चार्जर जोडला, लॅपटॉप लावला, दहा मिनिटांत काम, पैसे नाहीत. दार लावलं, दिवा हळूहळू विझला, मी दोन-तीनदा दार उघडून लावून बघितलं. दहा मिनिटांच्या कामासाठी तीन महिने!

आता मधली गोष्ट, जिच्यामुळं माझं मत फिरलं. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट हाताला ओलं लागलं. गेलो चाचांकडं. त्यांनी मला आत टॉर्च घेऊन बसवलं आणि बाहेरून पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यावर पाइपानं बारीक धार सोडली. पाच मिनिटांत खांबाच्या आतून थेंब उतरला, थेट नव्या बीसीएमच्या वायरिंगवरून. वर्षभरापूर्वी दगड लागला म्हणून काच बदलली होती, तिचं चिकटवण एका कोपऱ्यात धरलंच नव्हतं. 27 हजाराचा नवा डबा त्याच पाण्याखाली बसवला होता, आणि बसवताना हिरव्या पिना बघून एकानं पण विचारलं नाही की हे पाणी कुठून आलं. काच काढून परत बसवायला 2,200 लागले, चाचांनी मजुरी 500 घेतली, ती पण मी जबरदस्तीनं दिली. 500 रुपयांच्या माणसाचं आधी ऐकलं असतं तर काच पहिली बसवली असती. डबा मात्र बदलावाच लागला असता, जुन्याच्या तीन पिना खाऊन गेल्या होत्या.

एकूण हिशेब 37,246. त्यात भर म्हणजे 22 सप्टेंबरपासून सुट्या भागांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. माझं बिल महिनाभर आधीचं, तिथंच 1,840 रुपये जास्त गेले.

त्याच 22 तारखेला घटस्थापना होती. त्या नवरात्रात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते वेगळं सांगायला नको, शेतं खरडून गेली, गावांना पाणी लागलं. तुळजापूरच्या दोन फेऱ्या त्यातच झाल्या, काही ठिकाणी पूल ओसरायची वाट बघत तासन्‌तास उभं राहावं लागलं, काचेवरून पाण्याच्या धारा. दर मुक्कामाला कार्पेटखाली हात घालून बघत होतो. कोरडं. संक्रांतीच्या वेळी गाडी नऊ दिवस उभी होती, सेल्फ पहिल्या झटक्यात. चाचांनी परत मीटर लावून बघितलं, 0.03.

म्हणून सोनपेठवाल्याला सांगितलं की बाबा, आधी पाइप धर, मग एस्टिमेटवर सही कर. दोन्ही चाव्या घेऊन जा. जुनं सेटिंग वाचून प्रिंट दे म्हण, तुझ्यासमोर, आणि जुना डबा परत माग, पिना स्वतःच्या डोळ्यानं बघ. नवा डबा वाईट नाही, सात महिन्यांत एकदा पण दगा दिला नाही.

माझं एक काम राहिलंय. दुसऱ्या चावीनं गाडी सुरू होते पण तिचं लॉकचं बटण चालत नाही, नोंदवताना राहून गेलं असं म्हणतात. एप्रिलच्या सर्व्हिसिंगला ते करून घेणार आहे, आणि ह्या वेळी लॅपटॉप लावायच्या आधी आतलं सेटिंग छापून माझ्या हातात द्या म्हणून आजच फोन करून ठेवलाय.