गावरान तलंगा म्हणून लेअरच्या (पोल्ट्रीत अंड्यांसाठी पाळलेल्या) म्हाताऱ्या कोंबड्या गळ्यात मारल्या (नाशिक)

पाथर्डी फाट्याच्या बाजूला आमचं रो हाऊस आहे, मागे दहा बाय पंधराची मोकळी जागा, एक शेवगा आणि त्याखाली दोन गावरान कोंबड्या. मामांनी दिंडोरीहून डालग्यात घालून दिल्या होत्या, एक तांबडी आणि एक कबरी. दोघी मिळून वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी, त्यात एखादी खुडूक बसली की तेवढे दिवस तिची अंडी बंद. घरात खाणारे पाच जण. मग मला हाव सुटली, दुसरं काही नाही.

मोबाईलवर जाहिरात दिसली. "अस्सल गावरान तलंगा, महिन्याभरात अंड्यावर, लसीकरण पूर्ण, १० तलंगा + १ कोंबडा + पिंजरा, घरपोच नाशिक." तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. सगळं मिळून ९,५००. फोटो एकदम झकास, मागे हिरवी नेट, निळा ड्रम, आणि समोर वेगवेगळ्या रंगांच्या टवटवीत तलंगा दाणे टिपतायत. फोन केला तर माणूस इतका गोड बोलणारा की विचारू नका, दादा दादा करत खाद्य किती घालायचं, रात्री खुराडं कसं बंद करायचं सगळं न विचारता सांगितलं. मी म्हटलं भाऊ येऊन बघतो, तर म्हणे फार्म इगतपुरीच्या आत आहे, रस्ता खराब आहे, आणि बाहेरच्या माणसाला आत घेत नाही, रोग येतो. आता हे खरंच असतं, चांगल्या फार्मवर कुणालाही असं आत सोडत नाहीत. त्याचं सगळं बोलणं असंच होतं, प्रत्येक गोष्टीत अर्धं खरं. २,००० ॲडव्हान्स टाकले.

गाडी आली रात्री साडेनऊला. मी म्हटलं दिवसा का नाही, तर म्हणे पक्षी उजेडात बिथरतात, अंधारातच उतरवायचे असतात. हेही बरोबरच आहे. पण अंधारात मला फक्त क्रेटमध्ये तांबूस पिसं दिसली, त्याने पटापट पिंजऱ्यात सोडल्या, मोजून दाखवल्या, उरलेले ७,५०० तिथेच स्कॅन करून घेतले आणि दहा मिनिटांत त्याचा छोटा हत्ती टेम्पो पुढच्या वळणावरून गायब. हातात एकही कोंबडी धरून बघितली नाही. अंगणातल्या बल्बला धूळ बसलीय, ती पुसून घ्यायचं पण सुचलं नाही मला.

सकाळी बघितलं तर दहाच्या दहा एकाच रंगाच्या. गावरान कोंबड्या अशा एका साच्यातून काढल्यासारख्या कधीच नसतात, एक काळी निघेल, एक कबरी, एखादी बिनपिसाच्या मानेची. आणि चोच! वरची चोच पुढून कापलेली, बोथट, खालची थोडी पुढे आलेली. फोन लावला तर म्हणे एकमेकींना टोचू नये म्हणून केलंय दादा. मानेवरची पिसं गेलेली, तर म्हणे पिसं बदलतायत. मी मान डोलावली. डोक्यात शंका आली होती पण ९,५०० दिलेल्या माणसाला आपण फसलोय हे पटकन मान्य करायचं नसतं ना.

त्यांचं वागणंच वेगळं होतं. पिंजऱ्याचं दार उघडलं तर बाहेरच येईनात. उचलून मातीत ठेवलं तर एक पाय वर धरून उभ्या, जणू चटका बसतोय. नखं लांबलेली, वळलेली. ज्वारी टाकली तर बघतसुद्धा नव्हत्या, आणि पाण्याच्या भांड्याशेजारी उभ्या राहून तहानलेल्या, शेवटी पोराने एकेकीची चोच पाण्यात बुडवली तेव्हा कळलं की हे प्यायचं असतं. आमची तांबडी लांबून बघत होती, तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या बायकोच्याही चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी चक्क तीन अंडी! मी खुश, लगेच फोटो काढून मामांना पाठवला. मामांचा फोन आला, म्हणे एवढं मोठं अंडं तलंगेचं नसतं रे, पहिलटकरणीचं अंडं लिंबाएवढं असतं. आईने ते ऐकलं आणि सरळ मागे गेली. तिचं माहेर सिन्नरकडचं, लहानपणी घरी पंचवीस-तीस कोंबड्या असायच्या. एक कोंबडी काखेत धरली, शेपटीखाली जी दोन हाडं लागतात त्यांच्यामध्ये बोटं लावून बघितली, तीन बोटं बसली. मला म्हणाली, "अरे तलंगेला इथे एक बोट बसायची मारामार असते. ह्या घालून घालून दमलेल्या आहेत." मग अंडं हातात घेऊन अंगठ्याने दाबलं तर कवच पापडासारखं गेलं.

मग सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी फोटो बघूनच सांगितलं, ह्या लेअर आहेत, बीव्ही ३८० सारख्या तपकिरी अंड्याच्या. पोल्ट्रीवाले ह्यांना तारेच्या पिंजऱ्यात ठेवतात, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घेतात आणि वयाच्या ७२ ते ८० आठवड्यांनी अंडी कमी झाली की काढून टाकतात. तशी काढलेली कोंबडी कापायला शंभर-सव्वाशेला जाते. मला ती पडली साडेआठ-नऊशेला, पिंजरा धरून. तारेवर आयुष्य गेल्यामुळे नखं घासत नाहीत म्हणून लांब, पाणी पाइपला लावलेल्या निप्पलमधून प्यायची सवय म्हणून भांडं माहीत नाही, मान तारेला घासून पिसं गेलेली. आणि चोच कापणं हे मुख्यतः पोल्ट्री फार्मवर करतात, परसातल्या गावरान कोंबडीची चोच कोण कशाला कापेल, ती बिचारी दिवसभर उकिरडा उकरून पोट भरते, चोचच कापली तर खाईल काय.

इथपर्यंत पैशाचं होतं, ते सोसलं असतं. पण नवव्या दिवशी तांबडी कोपऱ्यात फुगून बसली. हिरवी पातळ शी, खाणं बंद, दुसऱ्या दिवशी मान वळायला लागली, वळून पाठीवर जायची, दाणा टिपायला जायची आणि चोच भलतीकडेच पडायची. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवग्याखाली आडवी. चार दिवसांनी कबरी. मानमोडी, म्हणजे राणीखेत. नवीन दहा जणींना काही नाही! डॉक्टर म्हणाले त्यांचं पोल्ट्रीत लसीकरण झालेलं असतं, त्या स्वतः ठणठणीत राहून विषाणू पसरवू शकतात. म्हणजे "लसीकरण पूर्ण" हेही अर्धं खरंच होतं. माझ्या दोघींना मात्र मी कधीच लस दिली नव्हती, ती चूक विकणाऱ्याची नाही, माझी आहे. खड्डा करून चुना टाकून पुरल्या. पोरगा दोन दिवस बोलला नाही.

तेव्हा कुणी नवीन पक्षी आणले तर तीन-चार आठवडे पूर्ण वेगळे ठेवा, भांडी वेगळी, आधी जुन्यांचं काम करायचं मग नव्यांचं, चपलासुद्धा वेगळ्या. राणीखेतच्या लसी, म्हणजे लासोटा आणि नंतर आठ-दहा आठवड्यांची झाल्यावर आर टू बी, हे डॉक्टरांना विचारून करून घ्या, कुपी शंभर-दोनशे डोसची येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे गल्लीत दोन-चार घरांनी मिळून एकाच दिवशी केलं तर परवडतं. रिकाम्या कुपीचा फोटो म्हणजे लसीकरण नाही, मला विकणाऱ्याने तोच पाठवला होता.

आणि त्या कॉम्बोमधला कोंबडा. अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही हो, पिल्लं काढायची असतील तरच. हा पहाटे चारला सुरू व्हायचा. शेजारचे काका अंबड एमआयडीसीतून नाईट करून येतात, त्यांनी आठवडाभर सहन केलं, मग आले आणि वर म्हणाले बर्ड फ्लू तर नाही ना, ते २००६ साली नवापूरला झालं होतं तसं. काय उत्तर देणार, त्यांच्या डोळ्यांसमोर माझ्या दोन मेल्या होत्या. कोंबडा त्याच दिवशी मामांच्या मळ्यावर पाठवणार होतो पण डॉक्टरांनी थांबवलं, रोग तिकडे जाईल म्हणून. महिनाभर रात्री त्याला बाथरूममध्ये झाकून ठेवला, मग पाठवला.

विकणाऱ्याने तोपर्यंत मला ब्लॉक केलं होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पेमेंटचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट दिले. पैसे परत येतील असं काही वाटत नाही, कारण दहा कोंबड्या सांगितल्या होत्या आणि दहा आल्या. चॅटमध्ये "गावरान" आणि "तलंग" हे शब्द लिहून घेतलेले होते एवढंच बरं, फोनवरच्या बोलण्याला पुरावा नाही, तेव्हा घेण्याआधी जात आणि वय लिहून मागा. जो लिहून द्यायला टाळतो त्याच्याकडून घेऊच नका. आणि एका कोंबडीचा हातात धरलेला व्हिडिओ मागा, चोच, पाय, नखं दिसतील असा, तारीख बोलून.

दहापैकी आता सहा आहेत. दोन उन्हाळ्याच्या आधीच गेल्या, दोन मांजराने नेल्या, त्यांना पळताच येत नव्हतं. उरलेल्या सहाजणी मिळून दिवसाला एखादं अंडं देतात, शिंपल्याचा चुरा घालतोय म्हणून कवच जरा बरं आहे. त्यातली एक परवा शेवग्याखालच्या मातीत अंग घुसळत होती, डोळे मिटून, आई म्हणाली शिकली बघ ही.

कालच ती जाहिरात परत दिसली. नंबर वेगळा, भाव ११,०००, फोटो तोच, हिरवी नेट आणि निळा ड्रम. मोठा करून बघितला, फोटोतल्या सगळ्या तलंगांच्या चोची अख्ख्या आहेत.