बाबांचा वजनकाटा : आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये बाबांना हार्ट फेल्युअरने ॲडमिट केलं होतं, म्हणजे हृदय रक्त नीट पंप करत नाही आणि अंगात पाणी साठतं. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, बीपी मशीन घ्याच, पण वजनकाटा आधी घ्या. मग नागपुरात सीताबर्डीहून साधा डिजिटल काटा आणला.

सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच बनियन-पायजाम्यात वजन करायचं. दिवसभरात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर फोन करायचा. अंगात लिटरभर पाणी साठलं की काटा किलोभर पुढे जातो, सूज बरेचदा नंतर दिसते.

याचा प्रत्यय पोळ्याला आला. दुसऱ्या दिवशी, कराला, मारबतीची मिरवणूक पाहायला महाल भागात काकांकडे गेलो. बाबांनी सावजी रस्सा ओरपला, वर लोणचं-पापड, म्हणजे मीठच मीठ, आणि मिठाने अंगात पाणी साठतं. तिसऱ्या सकाळी ६१.४ चे ६३.३! बाबा म्हणे, "मले काई नाई झालं. पायाले सूज हाय का, पाह्य ना." घोट्यावर अंगठा दाबला, खड्डा पडला नाही. पण वजनाच्या वहीत मी उश्यांचाही रकाना ठेवलाय, कारण पाणी साठलं की आडवं पडल्यावर दम लागतो आणि उश्या वाढतात. एकीवर झोपणारा माणूस रात्री तीन उश्या घेऊन बसल्यासारखा झोपला होता. फोन केला. डॉक्टरांनी लघवीची गोळी तीन दिवस वाढवली, चौथ्या दिवशी काटा ६१.८ वर आला.

मे महिन्यात उलटंच झालं होतं. कूलरसमोर बसूनही घाम, पाणी मोजून प्यायचं, त्यात तीच गोळी. वजन ५९ च्या खाली गेलं आणि बाबांना उठताना भोवळ यायला लागली. तेव्हा गोळी कमी झाली, तीही डॉक्टरांना विचारूनच. म्हणून वजन उतरलं की खूश व्हायचं, असंही नाही.

आता काट्याच्या कुरबुरी. आकडे बारीक, बाबांना वाकून दिसत नाहीत, त्यामुळे कुणीतरी शेजारी लागतंच. एकदा झाडताना बाईंनी तो मोरीजवळच्या उताराच्या फरशीवर सरकवला आणि सकाळी आकडा एकदम दीड किलोने बदलला. घरभर धावपळ! सपाट फरशीवर आणून पुन्हा मोजलं तर सगळं ठीक. आता चारही पायांच्या जागी फरशीवर मार्करने खुणा केल्यात. सेल उतरला की आकडा नाचतो, तेव्हा पाच किलोची न फोडलेली आट्याची थैली ठेवून तपासतो.

दुकानदार चरबीचा टक्का दाखवणारा महाग काटा गळ्यात मारत होता. तो पायातून बारीक करंट सोडतो. पेसमेकर असणाऱ्याने तर तो वापरूच नये.